चकतीवरचा आकडा: जुन्या वळणाच्या मिररलेस कॅमेऱ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण निकॉन झेड एफ या जुन्या वळणाच्या मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्याचं आणि तो घेणाऱ्या माझ्या शिक्षिकेचं. त्यांना मी नुसतं 'बाई' म्हणणार आहे. शाळेत त्या आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायच्या, त्यामुळे माझ्या तोंडी दुसरं काही येतही नाही. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

बाईंकडे निकॉनचा एफएम२ आहे. १९८२ साली आलेला हा कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, शटर (उजेड आत सोडणारा पडदा) तिच्याविना १/४००० सेकंदापर्यंत बिनबोभाट चालतं. सोबत ५० मिमी एफ/१.८ आणि १०५ मिमी एफ/२.५ अशा दोन लेन्स, दोन्ही मॅन्युअल फोकसच्या आणि अ‍ॅपर्चरची, म्हणजे लेन्सचं भोक लहान-मोठं करायची, रिंग असलेल्या. निवृत्तीनंतर बाई एका हौशी नाट्यगटाच्या तालमींचे फोटो काढू लागल्या आणि तिथल्या उजेडापुढे ४०० वेगाच्या फिल्मने हात टेकले. मधल्या काळात घरातला एक डीएसएलआर (आरशाचा डिजिटल कॅमेरा) त्यांनी वापरून पाहिला. फोटो चांगले यायचे, तरी तो हळूहळू कपाटात गेला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "अरे, हा बंद असला की मुका असतो. चालू केल्याशिवाय काही सांगतच नाही."

पुढचं सगळं प्रकरण या तक्रारीभोवती फिरतं. एफएम२ वापरणारा माणूस कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी वरून बघतो. शटरच्या चकतीवर १२५, त्याच चकतीच्या छोट्या खिडकीत फिल्मचा वेग, लेन्सच्या रिंगवर ५.६. तीन आकडे आणि तिन्ही खरे. उजवा अंगठा रोल पुढे सरकवायचा खटका किंचित बाहेर ओढतो, त्याने मीटर जागा होतो आणि अंगठ्याला टेकायला जागाही मिळते. मग व्ह्यूफाइंडरमध्ये अधिक, शून्य, उणे यांपैकी कुठला दिवा लागला ते पाहायचं. कित्येक वर्षांच्या सरावाने हे सगळं बाईंच्या हातात मुरलेलं होतं.

गरज आणि पर्याय

गरज तशी स्पष्ट होती. अंधाऱ्या हॉलमध्ये फ्लॅशशिवाय फोटो यावेत, संवाद चालू असताना खटखट होऊ नये, जुन्या दोन लेन्स वाया जाऊ नयेत आणि आकडे बाहेरून दिसावेत.

एफएम२ तसाच ठेवून जास्त वेगाची फिल्म वापरायचा विचार पहिल्याच बैठकीत मागे पडला. शटरचा आवाज तर राहणारच होता.

फुजीफिल्मची एक्स-टी मालिका गंभीरपणे पाहिली. जुन्या वळणाचे डिजिटल कॅमेरे लोकप्रिय करण्यात या कंपनीचा वाटा मोठा. २०१० साली जाहीर झालेल्या एक्स१०० पासून त्यांनी ही वाट सोडलेली नाही. (पहिला मान मात्र एप्सनच्या २००४च्या आर-डी१ला द्यायला हवा. डिजिटल असूनही त्यात शटर भरायला खटका ओढावा लागायचा.) एक्स-टीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत पी-ए-एस-एम असा (काय कॅमेऱ्याने ठरवायचं आणि काय आपण, ते निवडायचा) वेगळा मोड नसतो. शटरच्या चकतीवर आणि लेन्सच्या रिंगवर 'ए' अशी एकेक जागा असते. चकती 'ए'वर असेल तर कॅमेरा ठरवणार, आकड्यावर असेल तर तोच आकडा लागणार. माझ्या मते ही रचना सगळ्यांत सरळ आहे. अडचण सेन्सरच्या आकाराची होती. तो ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे दृश्याच्या कडा कापल्या जातात. या दीडपट क्रॉपमुळे बाईंची ५०ची लेन्स ७५सारखी आणि १०५ची जवळजवळ १५७सारखी दिसणार. तालमीचा हॉल लहान, मागे सरकायला भिंत आडवी येते.

निकॉनचाच झेड एफसी (२०२१) दिसायला थेट एफएम२च्या घराण्यातला, पण त्यातही सेन्सर लहानच. झेड ६-२सारखी आधुनिक बॉडी हाताला सर्वांत चांगली बसली, पण बाईंनी ती वरून पाहिली आणि परत ठेवली. तिथे एकच चकती होती, मोडची.

उरला निकॉन झेड एफ. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला, २४.५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा), बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, असलेला. वर आयएसओ (फिल्मच्या वेगासारखाच आकडा), शटर आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणं) अशा पितळी चकत्या. एफ माउंटची, म्हणजे निकॉनच्या जुन्या जोडणीची, लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने लागते आणि ५०ची लेन्स ५०चीच राहते. बाईंनी झेड एफ घेतला, सोबत ४० मिमी एफ/२ ची छोटी ऑटोफोकस लेन्स.

निर्णय कागदावर बरोबर होता. एक प्रश्न मात्र चर्चेत आलाच नाही: या कॅमेऱ्यावर कुठली चकती कधी कामाला असते?

पहिले आठवडे

सुरुवात गोड झाली. शटरच्या चकतीखाली एक छोटा खटका आहे, फोटो, व्हिडिओ आणि कृष्णधवल अशा तीन जागांचा. बाईंनी तो कृष्णधवलवर नेला आणि बराच काळ तिथून हलवला नाही. व्ह्यूफाइंडरमध्येच दृश्य करड्या छटांत दिसतं, ही सोय फिल्मवर कधीच नव्हती. लाल फूल आणि हिरवं पान कृष्णधवलमध्ये एकमेकांत मिसळून जातात, हे त्यांनी वर्गात फिल्टर दाखवून शिकवलेलं मला आठवतं. आता ते डोळ्यासमोर घडत होतं, फोटो काढायच्या आधी. आणि रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल ठेवली की मूळ रंग शाबूत राहतात, म्हणजे गमावण्यासारखं काही नाही.

जुन्या लेन्सवर फोकस करणंही अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. एफएम२मध्ये मधल्या वर्तुळातल्या तुटलेल्या रेषा जुळवायच्या. इथे कॅमेरा मॅन्युअल लेन्सवरही चेहरा आणि डोळा ओळखतो आणि बटण दाबलं की तोच भाग मोठा करून दाखवतो. बाईंची तक्रार एवढीच, की मोठं केलं की चौकट नाहीशी होते आणि तेवढ्यात नट हलतो.

अडचण

मग फोटो बिघडू लागले, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने.

संध्याकाळच्या उजेडात १०५च्या लेन्सने काढलेले चेहरे हललेले आले. चकतीवर शटर २५०, म्हणजे हलायचं कारणच नाही. मी फाइलची माहिती उघडली तर शटर १/३०. दुसऱ्या एका दिवशी आयएसओची चकती १००वर होती आणि फोटो वाळूसारखे रवाळ, प्रत्यक्षात आयएसओ पाच हजारांच्या पुढे. कधी सगळेच फोटो स्टॉपभर (म्हणजे दुप्पट) जास्त उजळ. १०५वर तर शटर पुरेसं असतानाही बारीक थरथर दिसायची.

बाईंनी आधी कॅमेऱ्यात दोष असावा असं धरलं. दुरुस्तीला द्यायची भाषाही झाली. पण दोष असता तर तो एकाच प्रकारचा असता. आम्ही फाइली आणि चकत्या शेजारी ठेवून बसलो आणि एकेक गाठ सुटत गेली.

मोडचा खटका आयएसओच्या चकतीखाली असतो आणि तो 'ए'वर, म्हणजे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर होता. या मोडमध्ये शटर कॅमेरा ठरवतो. शटरची चकती त्या वेळी कामाला नसते, तरी तिच्यावरचं २५० जागच्या जागी दिसत राहतं. खरा आकडा व्ह्यूफाइंडरमध्ये १/३० म्हणून लिहिलेला होता, पण बाईंची नजर वरून बघायला सरावलेली. आयएसओचं तसंच. मेनूत ऑटो आयएसओ चालू असेल तर चकतीवरचा आकडा ही किमान मर्यादा ठरते, त्याच्या वर किती जायचं ते कॅमेरा बघतो. उजळ फोटोंना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती जबाबदार, ती पिशवीतून काढताना +१वर सरकली होती.

थरथरीचं कारण सर्वांत आडबाजूला निघालं. जुन्या लेन्सला विद्युत संपर्क नसतात, त्यामुळे पुढे ५० लावली आहे की १०५ हे कॅमेऱ्याला कळत नाही. लेन्सची नोंद मेनूत करून ठेवायची आणि लेन्स बदलली की ती नोंदही बदलायची असते. नोंद ५०ची आणि लेन्स १०५ची असेल, तर स्टॅबिलायझेशन ५०च्या हिशोबाने सेन्सर हलवतं आणि ते अपुरं पडतं.

म्हणजे कॅमेरा ठीकच होता. एफएम२वर चकतीवरचा आकडा ही वस्तुस्थिती असते. इथे तो आकडा कधी हुकूम असतो, कधी मर्यादा आणि कधी नुसती सजावट, आणि तिन्ही वेळा दिसतो मात्र सारखाच. सगळं ध्यानात आल्यावर बाई म्हणाल्या, "मुका होता तो परवडला. हा खोटं बोलतो."

पुढे कोणते मार्ग होते

कॅमेरा विकून फुजीफिल्मकडे जावं, हा मार्ग बाईंनी स्वतःच मांडला आणि स्वतःच मागे घेतला. लहान हॉल आणि दीडपट क्रॉप हे कोडं तिथेच होतं.

सगळ्या चकत्या 'सी' आणि '१/३ स्टेप' अशा, आकडा चाकांवर सोपवणाऱ्या, जागी ठेवून पुढच्या-मागच्या चाकांनी कॅमेरा चालवणं, हा दुसरा मार्ग. झेड एफचे बरेच सराईत वापरकर्ते हेच करतात. हा उपाय चालतो यात शंका नाही. पण मग झेड ६-२ काय वाईट होता? तिथे निदान ग्रिप तरी नीट मिळाली असती.

तिसरा मार्ग एफएम२सारखं सगळं हाताने करण्याचा: मोड 'एम' (मॅन्युअल), ऑटो आयएसओ बंद, शटर चकतीवर, अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवर. जुनी लेन्स लावलेली असेल तर तिन्ही आकडे खरे आणि कॅमेरा बंद असतानाही दिसणारे. ४०च्या नव्या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग नाही. तिचं अ‍ॅपर्चर वरच्या इवल्याशा खिडकीत दिसतं आणि त्यासाठी कॅमेरा चालू असावा लागतो.

काय केलं

फिरताना तिसरा मार्ग धरायचा हे लगेच ठरलं. एक खबरदारी तेवढी घ्यावी लागते. 'एम'मध्ये ऑटो आयएसओ नसताना कॉम्पेन्सेशनची चकती फोटोवर थेट परिणाम करत नाही, पण मीटरचं शून्य सरकवते. मीटरवर भरवसा ठेवून काम करणाऱ्याचा फोटो त्यामुळे शेवटी बिघडतोच. म्हणून पिशवीतून कॅमेरा काढला की अंगठ्याने ती चकती शून्यावर आहे का चाचपायचं, अशी सवय बाईंनी लावून घेतली.

तालमीला हे जमेना. नट उजेडातून अंधारात जातो, प्रत्येक पावलाला आयएसओ बदलत कोण बसणार? तिथे ऑटो आयएसओ हवाच होता. मग 'एम' मोड, शटर चकतीवर, अ‍ॅपर्चर रिंगवर आणि आयएसओ ऑटो अशी मांडणी केली. यात एकच चकती खोटी ठरते, आयएसओची. बाईंना तेवढंही खुपलं. तोडगा त्यांनीच काढला: ती 'सी'वर ठेवायची. 'सी'वर आकडाच नसतो, म्हणजे चकती निदान गप्प राहते.

एवढं झाल्यावर पट्ट्यांचा प्रश्न आला, आणि या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग तो आहे.

पहिल्या तालमीत बाईंनी आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला होता. त्यात इलेक्ट्रॉनिक शटर चालतं आणि सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. हॉलमध्ये एलईडी दिवे. फोटोंवर एकाआड एक गडद-फिके आडवे पट्टे. बाईंना कारण समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्यावर्ती विजेवरचा दिवा एका आवर्तनात दोनदा उजळतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झची असेल तर १२० वेळा. स्वस्त एलईडी हा चढउतार झाकत नाही. सेन्सरची प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणी वाचली गेल्यामुळे काही ओळींना उजेड जास्त मिळतो, काहींना कमी.

उपायही त्यांनीच सांगितला. शटर इतकं उघडं ठेवायचं, की प्रत्येक ओळीला पूर्ण एक लुकलुक मिळावी. ५० हर्ट्झला १/१०० किंवा १/५०. पण चकतीवर १/१०० नाहीच! जुन्या परंपरेने तिच्यावर ६०, १२५, २५० असे आकडे आहेत. ६० हर्ट्झच्या विजेवर १/६० चालून गेलं असतं आणि १/१२५ने जवळपास भागलं असतं. ५०ला दोन्ही बसत नाहीत. १/१०० हवं तर चकती '१/३ स्टेप'वर न्यायची आणि वेग चाकाने निवडायचा. म्हणजे ज्या चकतीसाठी हा कॅमेरा घेतला, तीच तालमीत बाजूला ठेवायची वेळ आली.

यांत्रिक शटर वापरलं तर पट्टे बहुतेक जातात, कारण त्याचे पडदे सेन्सरवरून खूप वेगाने सरकतात. आवाज मात्र येतो. अखेर प्रसंगानुसार वाटणी झाली. संवादाच्या प्रवेशांना सायलेंट मोड आणि १/१००, कारण बोलणारा माणूस तेवढ्यात फारसा हलत नाही. मारामारी किंवा नाच असेल तिथे यांत्रिक शटर आणि चकतीवर २५०. तिथे गोंगाटात शटर कोणाला ऐकू येतं?

ही बदलाबदल एका झटक्यात होत नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या मोडच्या चकतीवर स्वतःची जुळवणी साठवायला यू१, यू२ अशा जागा असतात. इथे खटक्यावर ऑटो, पी, एस, ए, एम एवढंच. बाईंनी सायलेंट मोड आणि लेन्सची नोंद 'माय मेनू'त वर आणून ठेवली आणि काम भागवलं.

ग्रिपचं थोडक्यात सांगतो. एफएम२ची बॉडी ५४० ग्रॅमची, झेड एफ बॅटरी आणि कार्ड धरून सुमारे ७१० ग्रॅमचा. त्यावर अ‍ॅडॅप्टर आणि १०५ची लेन्स चढली की सव्वा किलोच्या पुढे. समोरचा भाग जवळपास सपाट, आणि अंगठ्याला टेकायला जुना खटकाही नाही. खालून स्क्रूने बसणारी ग्रिप लावल्यावर मनगटाचं दुखणं कमी झालं. रूप थोडं बिघडलं, बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

निष्पत्ती

हललेले आणि अवचित उजळ फोटो जवळजवळ बंद झाले. पट्टे गेले. १०५ची लेन्स पुन्हा कामाला लागली, फक्त तिच्या टोपणावर बाईंनी आतून '१०५ नोंद' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. टोपण काढलं की मेनू आठवतो.

सगळं सुटलं असं म्हणता येणार नाही. जुन्या लेन्सचं प्रत्यक्ष वापरलेलं अ‍ॅपर्चर फाइलमध्ये नोंदलं जात नाही, त्यामुळे नंतर शिकायचं तर वहीच लागते. कार्डाच्या दोन जागांपैकी एक मायक्रोएसडीची आहे, तीही बॅटरीच्या दाराआड. ते कार्ड बाईंना बोटांत नीट धरवत नाही. ते कायमचं आत ठेवून त्यावर दुसरी प्रत काढायची, असं ठरलं. तालमीच्या निवडलेल्या फोटोंत बहुतेक ४०च्या लेन्सने काढलेले असतात. ऑटोफोकसपुढे हाताचा सराव मागे पडतो, हे बाई मान्य करतात, पण फार आनंदाने नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीआधीची चर्चा सेन्सर, लेन्स आणि दिसण्यावर झाली. चकत्यांची परीक्षा दहा मिनिटांत झाली असती. मोडचा खटका एकेका जागी न्यायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचं: आता या तीन चकत्यांपैकी कोण खरं बोलतंय? फुजीफिल्मवर आणि झेड एफवर हे ओळीने केलं असतं, तर निवड कदाचित तीच राहिली असती, पण पहिल्या आठवड्यांतली निराशा टळली असती. फिल्मवरून येणाऱ्याने तर कॅमेरा सुरुवातीला 'ए' किंवा 'पी'वर ठेवूच नये असं माझं मत झालं आहे. डीएसएलआरवरून येणाऱ्याला हा त्रास होत नाही, त्याची नजर आधीपासून व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांवर असते.

तालमीच्या हॉलमध्ये एक चाचणी फोटो आधी काढता आला असता. सायलेंट मोड वापरायचा असेल तर त्या जागेच्या दिव्यांखाली आधी पाहावंच, मग कॅमेरा कोणताही असो.

आणि लेन्सची निवड. ४०ची ऑटोफोकस लेन्स बॉडीसोबत आली म्हणून घेतली गेली, वेगळा विचार झाला नाही. फोक्टलेंडरच्या झेड माउंटसाठी काही मॅन्युअल लेन्स आहेत, उदाहरणार्थ ४० मिमी एफ/१.२ नॉक्टन. त्यांना अ‍ॅपर्चरची रिंगही असते आणि विद्युत संपर्कही. त्यामुळे स्टॅबिलायझेशनसाठी नोंद बदलावी लागत नाही, अ‍ॅपर्चर फाइलमध्ये उतरतं आणि कॅमेरा बंद असतानाही तिन्ही आकडे दिसतात. बाईंच्या मूळ मागणीला हे सर्वांत जवळचं उत्तर होतं. नंतर त्यांनी अशी एक लेन्स लावून पाहिली. रिंग पसंत पडली. मी म्हटलं, मग बदलू या. त्यावर त्यांचा प्रश्न होता, की फोकस हातानेच करायचा तर १०५ आहेच, आणि ऑटोफोकस गेल्यावर तालमीतले निम्मे फोटो कोण काढणार? निर्णय अजून व्हायचा आहे.